दगडफूल खरवडून कलमांना घालू नका हो

आठ दिवस झाले, आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय, मामांनी दोनदा टाकला, मग मावशीने. "सड्यावरचं (म्हणजे कातळाच्या पठारावरचं) दगडफूल बारा महिने हवेतला नत्र ओढतं, जितका पाऊस तितका नत्र, बर्फाच्या देशात ते गोठून मरतं म्हणून हे वरदान फक्त कोकणाला, खरवडून हापूसच्या मुळाशी घाला, युरिया बंद." मामा, रागावू नका, पण यात जेमतेम अर्धं वाक्य खरंय.

ते अर्धं म्हणजे काही लायकेन खरंच नत्र बांधतात. लायकेन म्हणजे बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार, दगडफूलही त्यातलंच, पण दहातल्या साधारण एकातच नॉस्टॉकसारखे सायनोबॅक्टेरिया (निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते जिवाणू) असतात आणि नत्र बांधतात तेच. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलात असतं साधं हिरवं शेवाळ. त्याचा नत्राशी काय संबंध!

बारा महिने? मे महिन्यात सड्यावर जाऊन बघा, कातळावरचा लायकेनचा काळा थर वाळून कडकडीत झालेला असतो, सुकलं की सगळं काम ठप्प. पाणी लागलं की श्वसन काही मिनिटांत सुरू होतं, मग अन्न बनवणं, आणि नत्र बांधणारं नायट्रोजिनेज हे एन्झाइम सगळ्यात शेवटी, कधीकधी कित्येक तासांनी, कारण नत्राच्या एका रेणूमागे निदान १६ एटीपी (पेशीतली ताकदीची सुटी नाणी म्हणा) खर्च होतात, एवढी ताकद आधी जमायला नको? आणि आपली दमट हवा पुरेल असं वाटत असेल तर तेही नाही, हिरव्या शेवाळाची लायकेन नुसत्या दमट हवेवर जागी होतात, सायनोबॅक्टेरियावाल्यांना खरंखुरं पाणीच लागतं.

पण म्हणून जितका पाऊस तितका नत्र असंही नाही. जुलैत सतत निथळत राहिलं की अंगावर पाण्याचा पडदा बसतो, कार्बन डायऑक्साइड आत शिरत नाही, वर आभाळ भरलेलं, मग साखर कमी आणि ताकदही कमी.

गोठून मरण्याचं तर उलटंच आहे. पेल्टिजेरा नावाचं मातीवरचं लायकेन थेट आर्क्टिकच्या टुंड्रात वाढतं आणि तिथल्या मातीला नत्र देणाऱ्यांत त्याचाही वाटा असतो. शून्याखाली गेलं की नत्राचं काम जवळजवळ थांबतं, बर्फ वितळला की हळूहळू परत सुरू होतं. बंद पडणं वेगळं, मरणं वेगळं. ओलं असताना गोठलं तर जास्त सोसावं लागतं, सुकं असेल तर उणे १९६ अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेली लायकेनसुद्धा नंतर जिवंत निघालीत.

राहिलं खरवडणं. भातखाचरातलं निळं-हिरवं शेवाळ नत्र देतं हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवलं, पण ते साचलेल्या पाण्यात भराभर वाढतं. लायकेन वर्षाला काही मिलिमीटर, आणि बांधलेला बराचसा नत्र बुरशीच ठेवून घेते, मातीत उतरतो तो पाझरून नाहीतर कुजून. एकदा खरवडलं की तो थर परत यायला वर्षं जातात. त्यापेक्षा गिरीपुष्पाचा पाला छाटून आळ्यात घाला, मामांच्या कुंपणालाच आहे की.