थुंकून या, मग आत जा

खालच्या जबड्यात आडवी अडकलेली अक्कलदाढ हाड कोरून काढली की सूज लगेच येत नाही. ती सवडीने येते, ४८ ते ७२ तासांत भरात येते आणि पुढे आठवडाभर रेंगाळते, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितले होते. नागपुरात गाल फुगलेल्या माणसाला कोणी रुग्ण समजत नाही, हे मात्र त्यांनी सांगितले नव्हते. त्याच्या गालात खर्रा आहे, हे सारे शहर गृहीत धरून चालते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटले की खर्रा तयार होतो आणि तो गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा असतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानठेल्यावरच्या घोटण्याला तिचा काही उपद्रव झालेला माझ्या पाहण्यात नाही. मी स्वतः खर्रा कधी चाखलेला नाही, आणि सिव्हिल लाइन्समधील एका शासकीय कार्यालयाच्या दारात मला अडवण्यात आले ते नेमके खर्ऱ्यासाठीच.

"तोंडात काय हाये भाऊ? थुकून या, मंग आत जा," दारावरचा सुरक्षारक्षक म्हणाला.

आता, दाढ काढल्यानंतर जी गोष्ट काटेकोरपणे टाळायची असते ती हीच. खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तिच्याखाली हाड भरून येते, आणि जोरात थुंकल्याने किंवा नळीने सरबत ओढल्याने ती गाठ निसटली तर उघड्या पडलेल्या हाडाची कळ पार कानापर्यंत जाते. हे सर्व मी त्याला समजावून सांगू इच्छित होतो. पण जबड्याचे स्नायू आखडल्यामुळे माझे तोंड बोटभरच उघडत होते आणि "दाढ काढली" एवढे दोनच शब्द कसेबसे बाहेर पडले.

"दाळ खाल्ली त गिळून घ्या ना बाप्पा, कोन नाही म्हनते?"

मी गालाकडे बोट दाखवले. त्याने मला तोंड उघडण्याचा हुकूम केला आणि मी जेवढे उघडता आले तेवढे उघडले. "एवढंच उघडते? खर्रा खानाऱ्याचं असंच होते. माह्या साळ्याचंबी एवढंच उघडते," असे त्याने रांगेकडे वळून जाहीर केले. दुःखाची गोष्ट अशी की त्याचे निरीक्षण शास्त्राला धरून होते. वर्षानुवर्षे सुपारी चघळल्याने तोंडाच्या आतील अस्तर राठ होत जाते आणि जबडा उघडेनासा होतो, हे खरेच आहे. त्यामुळे माझ्या निर्दोषपणाचा एकमेव पुरावा त्याच्या हिशेबी गुन्ह्याचा पुरावा ठरला. मग त्याने मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावून पाहिले आणि त्याला काळ्या रेशमी दोऱ्याचे टाके दिसले. "हे काळं काळं काय हाये मंग? सुपारीच ना?"

एवढ्यात माझ्या मागचे एक काका, मान आकाशाकडे करून आणि खालचा ओठ वाटीसारखा वर धरून, माझ्या बाजूने बोलू लागले. ती मुद्रा नागपूरकर लांबूनही ओळखतो, कारण तोंड भरलेले असताना बोलायची ती एकच रीत आहे. काकांनी माझी हनुवटी परवानगी न विचारता हातात घेतली, गाल एका बोटाने दाबला (मी कळवळलो, याची नोंद कोणी घेतली नाही) आणि तज्ज्ञाचा निर्वाळा दिला. "खर्रा खाली राह्यते, हिरडीपाशी. हे त पार कानापर्यंत फुगलं. एवढा खर्रा कोनाले परवडते?"

रक्षकाला हे पटले आणि आम्ही दोघेही आत गेलो. काकांच्या तोंडात काय आहे हे त्यांना कोणीही विचारले नाही, कारण त्यांचा गाल बसका होता. जिन्याच्या वळणावर, जिथे भिंतीला देवादिकांच्या चित्रांच्या फरश्या लावल्या आहेत, तिथे त्यांनी देव चुकवून बरोबर मधल्या फटीत पिंक टाकली. थुंकण्यास वैद्यकीय मनाई असलेला माणूस दारात आरोपी म्हणून उभा राहतो आणि ज्यांनी ही भिंत रंगवली ते साक्षीदार म्हणून सन्मानाने वर जातात, याचा राग मला अजूनही येतो, आणि तो मला दात आवळून व्यक्त करण्याचीही सोय नव्हती.

खिडकीवरील बाईंनी माझे ओळखपत्र पाहिले, मग मला पाहिले, मग पुन्हा ओळखपत्र पाहिले. "फोटो जुळत नाही. सूज उतरल्यावर या, नाहीतर डॉक्टरांची चिठ्ठी आणा," एवढे बोलून त्यांनी पुढच्याला, म्हणजे काकांना, बोलावले.

डॉक्टरांनी मला सुजेबद्दल चिठ्ठी लगेच दिली. दारावरच्या रक्षकासाठी तिच्यात 'रुग्णाच्या तोंडात खर्रा नाही' एवढे एक वाक्य वाढवावे, अशी मी लेखी विनंती केली. तसे प्रमाणित करायचे तर पुन्हा तपासावे लागेल आणि तपासणीचे शुल्क वेगळे पडेल, असे त्यांनी मला गांभीर्याने सांगितले.