तांबेऱ्याला फ्युझेरियमची मोजपट्टी चालत नाही

समाजमाध्यमांवर फिरणारा दावा असा: क्रिस्पर या जनुक-कातरीने गव्हावरच्या कुठल्याही बुरशीचं जनुक बंद करता येतं; ते नाही जमलं तर आरएनए वापरून जनुक गप्प करता येतं; आणि जनुकक्रम वाचला की तांबेऱ्याची रेस (कुठल्या प्रतिकारक गव्हांना तो मात देतो त्यावरून ठरणारा प्रकार) कळते, रोपांवरच्या चाचण्या आता कालबाह्य.

कुठल्याही बुरशीचं? फ्युझेरियम ग्रॅमिनिअरम या गव्हाच्या कणसावर रोग आणणाऱ्या बुरशीचं येतं, आणि त्यासाठी क्रिस्परही लागत नाही. जनुकाच्या दोन्ही बाजूंचे साधारण हजार-हजार बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) तुकडे घ्यायचे, ते हायग्रोमायसिन या बुरशी मारणाऱ्या औषधाला दाद न देणाऱ्या जनुकाच्या दोन अर्धवट भागांना जोडायचे आणि पेशीभित्ती काढलेल्या पेशींत पीईजी या रसायनाच्या मदतीने घालायचे. द्रावणात साखर किंवा क्षार पुरेसे नसतील तर या पेशी फुटतात. घोळ होतो तो पुढे. ताटलीवर वाढलेली प्रत्येक वसाहत यशस्वी नसते. तुकडा भलत्याच जागी बसलेला असतो, किंवा एकाच वसाहतीत बदललेली आणि मूळ अशी दोन्ही केंद्रकं नांदतात. म्हणून एकेका बीजाणूपासून वसाहत शुद्ध करायची, दोन्ही सांध्यांवर पीसीआर (ठरावीक डीएनए तुकडा आहे का ते दाखवणारी चाचणी) करायचा, मूळ जनुक खरंच गेलंय ना ते वेगळं तपासायचं आणि शेवटी ते परत घालून रोगक्षमता परतते का पाहायचं. ही शेवटची पायरी गाळलेल्या निष्कर्षावर आम्ही विश्वास ठेवत नाही.

तांबेऱ्याचं गणितच निराळं. पक्सिनिया, म्हणजे तांबेऱ्याची बुरशी, जिवंत झाडावरच वाढते, त्यामुळे औषध घातलेल्या ताटलीवर निवड करायची सोय नाही. त्यात प्रत्येक उन्हाळी बीजाणूत दोन केंद्रकं, म्हणजे जनुकाच्या दोन प्रती. बुरशीत बाहेरचं जनुक घालण्याची रोजच्या वापरातली पद्धत इथे नाही. मग शोध लागतात कसे? बीजाणूंवर ईएमएस या उत्परिवर्तकाची प्रक्रिया करून ते एसआर३५ हे प्रतिकारक जनुक असलेल्या गव्हावर फवारायचे. जिथे फोड उठेल तिथला बीजाणू ओळख चुकवणारा, म्हणजे निवड गहूच करतो. एसआर३५ ज्याला ओळखतं ते बुरशीचं एव्हीआर-एसआर३५ हे जनुक २०१७ साली असल्याच उत्परिवर्तकांच्या जनुकक्रमातून हाती लागलं.

आरएनएचा पर्याय आहे, पण सरसकट नाही. झायमोसेप्टोरिया ट्रिटिसी ही गव्हाच्या पानांवर डाग पाडणारी बुरशी बाहेरचा दुपदरी आरएनए नीट आत घेतच नाही, त्यामुळे तिच्यावर ही युक्ती फसते. तिच्यात जनुक काढून टाकणंच सोपं, विशेषतः केयू७० (तुकडे भलत्या जागी जोडायला मदत करणारं जनुक) नसलेल्या वाणात. तांबेऱ्यासाठी बार्लीच्या पट्टेरी मोझेक विषाणूत बुरशीच्या जनुकाचा २०० ते ३०० बेसचा तुकडा घालून तो गव्हावर चोळतात. पण विषाणू स्वतःच पान आजारी करतो. नियंत्रणासाठी नुसतं निरोगी झाड घेतलं तर तुलनाच फसवी. असंबद्ध तुकडा असलेला विषाणू हवा. शिवाय परिणाम पानावर ठिपक्याठिपक्यांनी होतो. बुरशीच्या जनुकाची अभिव्यक्ती मोजताना तुलना बुरशीच्याच स्थिर जनुकाशी करा. गव्हाच्या जनुकाशी केली तर बुरशी कमी वाढली की जनुक खरंच गप्प झालं, हे वेगळं काढता येत नाही.

आता रेस. जनुकक्रमातून वंश कळतो, आणि ते मोलाचं आहे: २०१६ साली बांगलादेशात आलेला गव्हाचा करपा दक्षिण अमेरिकेतल्या वंशाचा, हे त्यातूनच उलगडलं. युगांडात १९९८ साली सापडलेल्या यूजी९९ या तांबेऱ्याच्या दोन केंद्रकांपैकी एक ऑस्ट्रेलियातल्या जुन्या वंशाच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळतं, हेही २०१९ साली असंच समजलं. पण टीटीकेएसके ही यूजी९९ची पाच अक्षरं येतात २० भेददर्शक गव्हांच्या (प्रत्येकात वेगळं प्रतिकारक जनुक असलेल्या वाणांच्या) पानांवरून. दोन्ही केंद्रकांचे क्रम एकात मिसळले, किंवा जनुकात घुसलेला उडता तुकडा (जागा बदलणारा डीएनए) जनुकक्रमाच्या तुकड्या-तुकड्यांच्या वाचनातून निसटला, की भाकीत चुकतं.

पानांवरची चाचणीही फसते, हे मान्य. गोठवलेले बीजाणू आधी बंद नळीसकट ४२ ते ४५ अंशांच्या पाण्यात काही मिनिटं ठेवून जागे करावे लागतात, आणि एसआर६ हे प्रतिकारक जनुक तापमान चढलं की निकामी होतं. चाचणीतले सगळेच गहू स्वच्छ दिसले तर आधी सोबतचा ग्राही (सहज रोग लागणारा) वाण बघा. त्यावरही फोड नसतील तर बीजाणू मेलेले होते, किंवा दव सुकताना उजेड दिला गेला नाही; उजेडाशिवाय काळा तांबेरा (यूजी९९ ज्यातला आहे तो) पानात शिरत नाही.