खाण कामगारांना पाठिंबा? मग आधी बी फॉर्म मागा

निवडणुका जवळ आल्या की वणी, राजुरा, उमरेडच्या कोळसा पट्ट्यात हेल्मेट घातलेले नेते दिसू लागतात. नवी खाण, वाढीव उत्पादन, स्थानिकांना रोजगार! उद्योगाच्या बाजूने बोलायला काही लागत नाही. कामगाराच्या बाजूने बोलायचं तर बी फॉर्म, म्हणजे खाणीतल्या कामगारांच्या नोंदीचं रजिस्टर, उघडून बघावं लागतं.

कायम कामगाराचं त्यामानाने बरं आहे. 1 जुलै 2021 पासून लागू झालेल्या अकराव्या वेतन करारात त्याला 19 टक्के किमान वाढ मिळाली, कारण बोलणी करायला त्याच्या संघटना होत्या. पण खुल्या खाणीत ओबी, म्हणजे कोळशावरची माती-दगड, उपसायचं काम मोठ्या प्रमाणावर ठेकेदाराकडे गेलंय. तिथल्या माणसांसाठी कोल इंडियाचे एचपीसी, म्हणजे उच्चाधिकार समितीने ठरवलेले, दर आहेत, किमान वेतनाहून जास्त. ते बुडवायच्या तऱ्हा ठरलेल्या: पूर्ण पगार खात्यात टाकायचा आणि त्यातला हिस्सा रोखीत परत घ्यायचा, एटीएम कार्ड सुपरवायझरने ठेवून घ्यायचं, डंपर ऑपरेटरला हेल्पर दाखवायचं, 26 दिवस राबवून 16 हजेऱ्या लावायच्या. नुसतं बँक स्टेटमेंट बघणाऱ्या पुढाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही. बी फॉर्म, हजेरी आणि डंपरच्या फेऱ्यांची नोंद असलेली ट्रिप-शीट शेजारी शेजारी ठेवा. हजेरीत गैरहजर असलेला माणूस ट्रिप-शीटवर त्याच पाळीत गाडी चालवताना सापडतो.

या कापलेल्या हजेरीचा मार पुढे वर्षानुवर्षं बसतो. सीएमपीएफ, म्हणजे कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी, त्याची 12 टक्के कपात दाखवलेल्या पगारावरच होते. ग्रॅच्युइटीसाठी वर्ष धरायचं तर भूमिगत कामाला 190 दिवस लागतात, वरच्या कामाला 240. महिन्याला 16 प्रमाणे वर्षाचे भरतात 192. म्हणजे खुल्या खाणीतला माणूस बारा महिने राबूनही त्याचं वर्ष धरलं जात नाही. त्यात ठेकेदार बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

29 डिसेंबर 2016 ला झारखंडमध्ये लालमटियाला ओबीचा ढीग घसरला, 23 जण गेले. कामं ठेक्याचीच होती. ट्रिपवर पैसे मिळाले की गाडी पळवली जाते, आठ तासांची पाळी बारावर जाते, रस्त्याकडेचा बर्म, म्हणजे संरक्षक बांध, झिजला तरी काम थांबत नाही. वाढीव उत्पादनाचं स्वागत करणाऱ्याने हेही विचारावं की हॉल रोडचा, म्हणजे खाणीतल्या डंपरच्या रस्त्याचा, उतार 16 ला 1 च्या आत आहे का, आणि पीएमई, म्हणजे ठराविक मुदतीची वैद्यकीय तपासणी, ठेक्यावरच्या माणसाची झाली का.

निवेदन कुठे द्यायचं यातही घोळ असतो. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात देऊन फोटो काढला जातो, पण कोळसा खाण केंद्राच्या अखत्यारीत. पगाराची तक्रार केंद्रीय सहायक कामगार आयुक्तांकडे, सुरक्षेची डीजीएमएसकडे, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता आल्या, 1952 चा खाण कायदा त्यात गेला, पण दार तेच, केंद्राचंच. म्हणून आमदारापेक्षा खासदाराला धरा. लोकसभेत लेखी प्रश्न विचारला तर खाणनिहाय ठेका कामगार किती, सीएमपीएफ नंबर किती जणांना, हे मंत्रालयाला छापील द्यावं लागतं.

जिल्हा खनिज निधीबद्दलही त्यालाच विचारा. कोळशावर रॉयल्टी 14 टक्के. जुन्या पट्ट्यांवर त्या रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातल्या पट्ट्यांवर 10 टक्के या निधीत येतात. हजार रुपयांच्या कोळशामागे 42 रुपये, नाहीतर 14. त्यातून धुळीने फुप्फुसं गेलेल्यांच्या तपासणीवर किती गेले आणि कमानींवर किती, याची यादी मागा.