‘सुई लावली की गाठ खवळते’: वाडीच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

शेजारच्या काकींच्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय. चाळीस वर्षं रोज सकाळी मिश्री लावलेला गाल तो. दातांच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वी सांगितलं की छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू, म्हणजे बायोप्सी करू. तेव्हापासून काकी टाळताहेत. का, म्हणून विचारलं तर त्यांनी मोबाइलच पुढे केला. मुंबईच्या पुतण्याने वाडीच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज. वर काकींचं म्हणणं, "ता निजलेला आसा, निजान रवांदे."

मेसेज लांबलचक आहे, पण त्यात मुद्दे पाचच. गाठ म्हणजे तोंड बांधलेलं पोतं, बायोप्सीची सुई लागली की ते फाटतं आणि पेशी बाहेर सुटतात. सुटलेली पेशी रक्तातून जिथे पोचेल तिथे नवी गाठ धरते. ऑपरेशनमध्ये आत वारा लागला की कॅन्सर वणव्यासारखा पसरतो. अमक्या गावचा धडधाकट माणूस बायोप्सी केल्यावर सहा महिन्यांत गेला. म्हणून गाठीला हात न लावता हळदीच्या काढ्याने ती ‘बांधून’ ठेवावी.

मी देवगड तालुक्यात बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. पेशी कशी धरते आणि कशी चालते हा माझा सगळ्यात आवडता धडा. मेसेजने नेमकी तीच गोष्ट उलटी करून सांगितली आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पोत्यापासून सुरुवात करू. गालाच्या अस्तरातली पेशी पोत्यातल्या तांदळासारखी मोकळी नसते. ती शेजारणींना कॅडहेरिन नावाच्या प्रथिनांनी बांधलेली असते आणि सगळ्यात खालच्या थरातली पेशी एका पातळ तळपडद्यावर रिव्हेट मारावेत तशी ठोकलेली असते. कॅन्सर होताना हे बांधकाम पेशी स्वतःच ढिलं करतात. कॅडहेरिन कमी करतात, तळपडदा पोखरणारी विकरं सोडतात. त्यासाठी कुणी सुई लावावी लागत नाही. 1975 साली बटलर आणि गुलिनो या संशोधकांनी उंदरांच्या स्तनातल्या गाठींतून बाहेर पडणारं रक्त तपासलं. एक ग्रॅम गाठ दिवसाला तीस ते चाळीस लाख पेशी रक्तात सोडत होती. त्या गाठीला कुणी टोचलेलं नव्हतं. तेव्हा पोतं म्हणायचंच असेल, तर त्याचं तोंड कधीपासूनच उघडं आहे.

मग प्रश्न पडतो: रोज इतक्या पेशी सुटतात, तर अंगभर गाठीच गाठी का होत नाहीत? हा दुसरा मुद्दा. इथे जरा थांबणार आहे, कारण सगळ्या मेसेजचा पाया इथेच आहे. सुटणं म्हणजेच पसरणं, असं तो गृहीत धरतो.

तुम्ही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं, ओढताना पाहिली असेल, कदाचित ओढलीही असेल. दोरीला वीसपंचवीस माणसं लागलेली असतात. जाळं पाण्यातून किनाऱ्याकडे कशाने येतं? हाताच्या जोराने येतं हे खरं, पण वाळूत रोवलेल्या टाचांशिवाय तो जोर फुकट. टाच घसरली तर माणूसच पाण्याकडे ओढला जातो, जाळं तसूभर हलत नाही. आणि सगळ्यात मागच्या माणसाने दोरी सोडून पुढे पाण्याकाठी येऊन पुन्हा धरली नाही, तर ओढणं तिथेच अडतं. धरायचं, ओढायचं, मागचं सोडायचं, पुढे येऊन पुन्हा धरायचं.

पेशी अगदी अशीच चालते. पुढच्या बाजूला ती एक पातळ पदर पसरते. त्या पदराखाली पकडीची बारीक बारीक ठाणी तयार होतात. त्यांना फोकल अ‍ॅड्हिजन म्हणतात. 1971 मध्ये मायकल अ‍ॅबरक्रॉम्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयातल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा ही ठाणी गडद ठिपक्यांसारखी दिसली. या ठाण्यात पेशीच्या आवरणातून आरपार गेलेली इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. त्यांचं एक टोक बाहेरच्या तंतूंना धरतं. आतल्या टोकाला टॅलिन हे दुसरं प्रथिन जोडलेलं, आणि टॅलिनला अ‍ॅक्टिनचे दोर. मायोसिन नावाचं प्रथिन ते दोर ओढतं. मला यातली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे ताण पडला की टॅलिनच्या घड्या उलगडतात, आत दडलेल्या जागा उघड्या होतात आणि तिथे विन्क्युलिन हे आणखी एक प्रथिन येऊन पकड आणखी पक्की करतं. ओढ वाढली की टाच खोल रुतावी, तसं. मागच्या बाजूची ठाणी त्याच वेळी मोडली जातात, तेव्हा कुठे पेशी पुढे सरकते.

पकड सैल असली तर पेशी घसरते, फार घट्ट असली तर जागची हलत नाही. 1997 मध्ये पेशी वेगवेगळ्या चिकटपणाच्या पृष्ठभागांवर सोडून हे मोजलं गेलं. सर्वांत जास्त वेग मधल्या पकडीला मिळाला. यातलं थोडं आपल्या बाजारातही दिसतं. ताज्या माशाचा खवला पोषक द्रवात काचेवर ठेवला, तर त्याला लागून आलेल्या त्वचेच्या पेशी पंख्यासारख्या पसरून चालू लागतात, मिनिटाला दहा मायक्रोमीटरहून जास्त वेगाने. माशाची जखम भरणाऱ्या पेशी त्या, त्यांची पकड हलकी असते. आपल्या कातडीखालच्या तंतुपेशींची ठाणी मोठी आणि मजबूत, म्हणून त्यांना एवढंच अंतर जायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

पकडच नसेल तर काय होतं, याचा पुरावा माणसांतही आहे. काही बाळं जन्मतःच पांढऱ्या पेशींवरच्या एका जातीच्या इंटिग्रिनशिवाय येतात. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर असतात, नेहमीपेक्षाही जास्त. पण रक्तवाहिनीच्या भिंतीला धरता येत नाही, म्हणून त्या जखमेपर्यंत पोचतच नाहीत. जखमेत जंतू वाढतात, पू होत नाही, नाळ तीन-तीन आठवडे गळून पडत नाही. त्या पेशी पूर्ण मोकळ्या आहेत, रक्तात वाहताहेत, आणि तरी कुठेही जाऊ शकत नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने या एका आजाराचा विचार केला असता तरी पुढची वाक्यं लिहिली नसती.

गाठीतून सुटलेल्या पेशीचंही तसंच. अस्तराच्या पेशीला खाली धरायला काही उरलं नाही की ती स्वतःच मरण पत्करते. 1994 मध्ये या मरणाला अ‍ॅनॉइकिस असं नाव दिलं गेलं, ग्रीक भाषेत बेघर होणं. कॅन्सरच्या काही पेशी हा नियम चुकवायला शिकतात, म्हणूनच तो आजार घातक आहे. पण त्यांनाही पुढची वाट सोपी नसते. रक्ताचा लोंढा त्यांना फाडतो, रोगप्रतिकार पेशी गाठतात. 1970 मध्ये आयझया फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या कॅन्सरपेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या. एका दिवसानंतर हजारात एकसुद्धा जिवंत नव्हती.

माणसांतली नोंद तर अधिक थेट आहे. पोटात कॅन्सरचं पाणी भरलेल्या काही रुग्णांना आराम मिळावा म्हणून ते पाणी नळीने मानेतल्या शिरेत सोडलं जायचं. म्हणजे लाखो जिवंत कॅन्सरपेशी रोज सरळ रक्तात. 1984 मध्ये डेव्हिड टॅरिन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची शवविच्छेदनं तपासून लिहिलं की कित्येकांच्या शरीरात त्या पेशींनी नव्या गाठी धरल्याच नव्हत्या. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने 1889 मध्येच म्हटलं होतं की बी सगळीकडे उडतं, रुजतं ते मानवेल त्या मातीतच. कातळावर भात फेकून पीक येत नाही हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता वारा. हा समज फक्त आपल्याकडचा नाही. 2003 मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या दवाखान्यांतल्या रुग्णांना विचारलं तेव्हा 38 टक्के लोकांनी ऑपरेशनमध्ये हवा लागल्याने कॅन्सर पसरतो असं सांगितलं. हवेचा पेशीच्या पकडीशी काही संबंध नाही. गालातला चट्टा तर दिवसभर हवेतच असतो.

‘अमक्या गावचा माणूस सहा महिन्यांत गेला’ हा मुद्दा मात्र मी हलक्याने घेणार नाही. त्या घरात खरंच कुणीतरी गेलंय. पण बायोप्सी कधी झाली ते विचारा. आपल्याकडे माणूस सुईला भिऊन वर्षभर थांबतो, तोंड उघडेना, मानेत गाठी आल्या की मग जातो. एक सेंटिमीटरची गाठ होईपर्यंत तिच्यात कोट्यवधी पेशी झालेल्या असतात. आजार आधीच पुढे गेलेला असतो आणि दोष शेवटी आलेल्या सुईला लागतो.

सुईच्या वाटेवर पेशी कधीच रुजत नाहीत, असं मी म्हणणार नाही. यकृताच्या कॅन्सरमध्ये असं घडतं. 2008 च्या एका आढाव्यात त्याचं प्रमाण शंभरात तीनहून थोडं कमी आलं. म्हणून यकृतात अनेकदा स्कॅनवरूनच निदान करतात. वृषणाच्या गाठीला बाहेरून सुई लावत नाहीत, जांघेतून छेद घेऊन ती पूर्णच काढतात. हाडाच्या गाठीत बायोप्सीची वाट अशी आखतात की पुढच्या ऑपरेशनमध्ये तीही कापून निघेल. हे सगळं डॉक्टरांनी पाठ केलेलं असतं. एका अवयवाचा अपवाद उचलून तो काकींच्या गालावर चिकटवणं हा मेसेजचा खोटेपणा आहे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं उदाहरण बघा. 2015 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. आधी सुई लावलेल्यांपैकी निम्मे रुग्ण 22 महिन्यांहून जास्त जगले, न लावलेल्यांपैकी निम्मे 15 महिन्यांहून. सुईने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ काढू नये, पण सुईने ते घटतं हे म्हणणं त्यात टिकत नाही.

हळदीबद्दल थोडक्यात. प्रयोगशाळेतल्या बशीत हळदीतलं कुरक्युमिन थेट पेशींवर घातलं तर परिणाम दिसतात. काढ्यातलं कुरक्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं. गाठ ‘बांधून’ ठेवणारा काढा नाही. हळद माशाच्या आमटीत हवीच, तिथे ती शोभते. काढ्यापेक्षा मिश्री बंद केली तर गालाला जास्त उपयोग होईल, आणि बागेतली सुपारीसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये नुसती सुपारीही कॅन्सर करते असं जाहीर केलंय. सुपारीवर घर चालणाऱ्या गावात हे बोलणं जड जातं, तरी बोलायला हवं.

काकींच्या बाबतीत प्रश्न एकच आहे: चट्ट्यातल्या पेशी तळपडद्याच्या वरच आहेत की तो ओलांडून खाली उतरल्या आहेत? वर असतील तर त्यांना रक्तवाहिनीपर्यंत वाटच नाही, तेवढा भाग काढून भागतं. उतरल्या असतील तर एकेक आठवडा महत्त्वाचा, कारण खाली पोचलेल्या पेशी रापणीसारख्या एकमेकींना धरून, ओळीने पुढे सरकतात. हे बाहेरून बघून कुणालाच कळत नाही, कितीही अनुभवी डॉक्टर असो. तुकड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरच तळपडदा दिसतो.

हे सगळं मी काकींना त्यांच्या पडवीत बसून सांगितलं, रापणीचं जरा जास्तच रंगवून, कारण काका रापणीचे. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "किती मोठो तुकडो काढतले गो?"

तांदळाच्या दोनचार दाण्यांएवढा, मी म्हटलं, तेवढी जागा बधिर करून. सोमवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी जातोय.