घरचाच ट्रॅक्टर

माझं घर आज जिथं उभं आहे तिथं ते बांधायचं ठरलं नव्हतं. इंजिनियरने काढलेल्या पहिल्या नकाशात ते सव्वाशे फूट आत, आंब्याच्या झाडाजवळ आहे. पण आप्पाच्या ट्रॅक्टरचं मागचं उजवं चाक जिथं रुतलं, तिथं आता आमचं देवघर आहे.

आमची जमीन बेळगावजवळ, येळ्ळूरच्या बाजूला. समोर राजहंसगड, मध्ये काळंभोर शिवार. बासमती भातासाठी हे शिवार नावाजलेलं. भाताला ही माती माहेर आहे. घराला मात्र कडक सासर. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि वर जे काही बांधाल त्यालाही आपल्याबरोबर नाचवते. म्हणून काळी माती पूर्ण काढून खाली मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की मुरमापर्यंत पोचण्याआधी आप्पापर्यंत पोचावं लागतं.

आप्पा म्हणजे माझा धाकटा चुलता. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाने मला चांगला कंत्राटदार सुचवला होता. माल आणणं, भराव टाकणं, सगळं त्याच्याकडे. मी हे घरी बोललो आणि आप्पाने तंबाखूची चिमूट तशीच बोटांत धरून माझ्याकडे बघितलं.

"पैसे काय झाडाला लागूलालेत काय? घरचाच ट्रॅक्टर हाय की गा! डिझेल तेवढं घाल."

या वाक्यातला 'तेवढं' हा शब्द फार धोक्याचा आहे. मी हिशेबाला एक छोटी वही केली. पहिल्या पानावर फक्त डिझेल आहे. दुसऱ्या पानावर ट्रॉलीचं पंक्चर, हुकाची पिन आणि दादाचं ऑम्लेट. (दादा म्हणजे आप्पाचा थोरला. ड्रायव्हरही घरचाच.) चौथ्या पानावर हायड्रॉलिकचा पाइप. सहाव्या पानावर म्हशीच्या पेंडीचं एक पोतं आहे. ते माझ्या घराच्या हिशेबात कसं आलं याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही, आणि अक्षर माझंच आहे.

तर ते रुतण्याचं.

मे महिना संपत आला होता. चिरे चंदगडकडून मागवले होते. म्हणजे चिरा महाराष्ट्राचा, एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) कर्नाटकची. सीमाप्रश्न आमच्या भिंतीत तरी सिमेंटने सुटणार होता. लॉरीवाल्याने चिरे डांबरी रस्त्याच्या कडेला उतरवले, शेताकडे एकदा बघितलं आणि लॉरी वळवली. शहाणा माणूस. आदल्या रात्री वळीव झाला होता. सकाळच्या उन्हाने वरची माती वाळून पापडासारखी झाली होती आणि त्या पापडाखाली श्रीखंड होतं.

दादाने ट्रॉलीत दीडशे चिरे भरून घेतले. एक चिरा पंचवीस-तीस किलोचा, म्हणजे चार टनांच्या आसपास माल. मी म्हटलं, "निम्मे नेऊया की." दादा माझ्याकडे बघून हसला. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस खालच्या माणसाकडे बघून हसतो तसा.

शंभरेक पावलं सगळं छान चाललं. मग मागचं उजवं चाक जागच्या जागी फिरायला लागलं, काळ्या चिखलाची एक लांब पट्टी उडाली आणि ती आप्पाच्या टोपीपासून पायजम्यापर्यंत सरळ रेषेत बसली. दादाने अजून जोर दिला. ट्रॅक्टर मागून खाली बसला आणि पुढची दोन चाकं जमिनीपासून वीतभर वर. नंदीबैल मान वर करतो तसं ते यंत्र राजहंसगडाकडे बघत राहिलं.

आमच्याकडे पेरणीला माणूस मिळत नाही, पण ट्रॅक्टर रुतला की दहा मिनिटांत वीस माणसं जमतात आणि त्यातले एकोणीस सल्लागार असतात.

"डिफ लॉक दाब, डिफ लॉक!" (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा खटका.)

"दाबलाय की ओ!"

"कासवावर घाल!"

दादाच्या हाताजवळ एक दांडा होता, त्यावर कासव आणि ससा अशी दोन चित्रं होती. हळूला कासव, जोराला ससा. शाळेतल्या गोष्टीवर विश्वास ठेवून दादाने कासवावर घातलं. चाक आता शांतपणे, एकेक खाच मोजता येईल अशा गतीने, खोल जाऊ लागलं. मग चाकाखाली पिंजर टाकलं, दगड टाकले, पोती टाकली. एकाने माझी नवी ताडपत्री टाकली. शेवटी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर साखळी घेऊन आला आणि ओढता ओढता तोही रुतला. त्याचा मालक खाली उतरून म्हणाला, "तरी मी म्हणत होतो." तो काहीच म्हणाला नव्हता.

दुपारी दोन वाजता आप्पाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि निकाल दिला, "उतरा चिरे."

दीडशे चिरे हातोहात तिथंच उतरले. रिकामा ट्रॅक्टर वासरासारखा टुणकन बाहेर आला. माझ्या डोळ्यांदेखत दादाने पुढच्या सगळ्या खेपा त्याच ढिगाशेजारी टाकल्या, कारण आता "इथवर वाट पडलीया". संध्याकाळी गवंडीमामांनी ढिगापासून आंब्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं आणि एक चिरा उचलून तिथं ठेवायचे किती ते सांगितलं. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि आंब्याकडे बघवेना.

"एवढं काय तोंड पाडून बसलास?" आप्पा म्हणाला. "चिरे घराकडं न्यायचे, का घर चिऱ्यांकडं आणायचं, एवढाच प्रश्न हाय."

गवंडीमामांनी ढिगाशेजारी खड्डा घेऊन बघितला. साडेचार फुटांवर मुरूम लागला. आंब्याजवळ सात फुटांपर्यंत काळी मातीच होती. तेव्हापासून आप्पा सगळीकडे सांगतो की ट्रॅक्टर त्याने मुद्दाम तिथं रुतवला.

पाया खणून झाला आणि ट्रॅक्टर गायब झाला. जूनमध्ये त्याला लोखंडी चाकं लागली, तो भाताच्या चिखलात गेला. जुलैत रोप लावण. मग गणपती, विसर्जनाला ट्रॅक्टर मंडळाचा, देवाला नाही कसं म्हणायचं? मग सुगी, मळणी, आणि तुळशीचं लग्न झाल्यावर गावातल्या तीन लग्नांची वऱ्हाडं. वऱ्हाडाला ट्रॉलीत सतरंजी टाकतात, ती सतरंजीही आमच्याच घरातली. चार महिने माझा पाया पाण्याने तुडुंब भरलेला होता. बेडूक रात्रभर गृहप्रवेशाचं निमंत्रण असल्यासारखे ओरडायचे. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "विहीर काढूलालास काय गा?"

मधल्या वेळात मी कागदपत्रं केली. त्याबद्दल फार लिहीत नाही. एका कचेरीत उताऱ्यावर आजोबांच्या नावात एक अक्षर जास्त पडलेलं, ते काढायला मी किती वेळा गेलो ते मोजायचं सोडून दिलं. खिडकीतले साहेब कन्नडमधून कधी "सर्व्हर डाऊन ऐत्री" म्हणायचे, कधी "नाळे बर्री", उद्या या. कर्नाटकात पूर्वी भुताला पळवून लावायला लोक दारावर 'नाळे बा' लिहायचे म्हणे. भुताचं ठीक आहे, त्याला रजा टाकावी लागत नाही. एक दिवस मी अगदी रडकुंडीला येऊन मराठीतच पुटपुटलो, "घर पहावं बांधून..." साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "मनी कट्टि नोडु, मदुवि माडि नोडु," म्हणाले आणि हसले. तीच म्हण, तेच घर, तेच लग्न. त्यांचंही बांधकाम चाललं होतं. अर्धा तास आम्ही गवंड्यांना शिव्या दिल्या, त्यांनी त्यांच्या भाषेत, मी माझ्या. अक्षर त्याच दिवशी निघालं.

डिसेंबरात ट्रॅक्टर परत आला आणि भिंती चढल्या. स्लॅबच्या दिवशी सकाळी सहाला मिक्सर लागला, खडी-वाळूच्या पाट्या वर जाऊ लागल्या, मी सगळ्यांना कुंदा वाटत फिरत होतो. पोर्चचं सेंट्रिंग आठवडाभर आधीच झालं होतं. इंजिनियरने उंची साडेआठ फूट लिहिली होती. मी बघितलं तर ती नऊच्या वर गेलेली.

"हे कुणी वाढवलं?"

"आप्पांनी सांगितलं की ओ," गवंडीमामा म्हणाले. "हवा खेळती राहते म्हणे."

म्हातारा माणूस, पुतण्याच्या घरात हवा खेळावी म्हणून झटतोय. माझं मन भरून आलं. पुढचे चौदा दिवस मी स्लॅबवर आळी करून पाणी भरत होतो. टँकर अर्थात घरच्याच ट्रॅक्टरला जोडलेला, डिझेल तेवढं माझं.

मे महिन्यात गृहप्रवेश झाला. जूनच्या पहिल्या पावसात मी कामावरून भिजत आलो, तर ट्रॅक्टर माझ्या पोर्चमध्ये उभा. उभ्या सायलेन्सरचं टोक आणि स्लॅब यांच्यामध्ये बरोबर वीतभर जागा. खालच्या नव्या फरशीवर ऑइलचा काळा गोल पसरत होता आणि पायरीवर बसून आप्पा चहा पीत होता. माझ्याच कपात.

मी दुचाकी बंद न करता पावसातच उभा राहिलो. "आप्पा, हे काय?"

"असू दे की गा," आप्पा म्हणाला. "घरचाच पोर्च हाय. ती गाडी तिकडं आंब्याखाली लाव."