‘पाच मैल ठेवले की प्रश्न मिटतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

उतरणारं विमान पुढच्या विमानाच्या पंखांनी मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतं तेव्हा काय होतं, यावरचा माझा लेख तुम्हाला ‘प्रवाशांना उगाच भेदरवणारा’ वाटला. शीर्षक जरा भडक झालं, मान्य. पण ‘अर्धवट माहितीवर लेखणी चालवू नये’ हे कशासाठी? मतभेदाला माझी ना नाही. अनोळखी माणसाशी असं बोलायची तुमची रीत असेल, माझी नाही.

तुमच्या आक्षेपाचा गाभा एकाच वाक्यात आहे: ‘दोन विमानांत पाच मैल ठेवले की प्रश्न मिटतो.’ मी अ‍ॅप्रोच कंट्रोलमध्ये, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांना वाट दाखवणाऱ्या कक्षात, नोकरी केली आहे. हे अंतर रडारसमोर बसून राखलं आहे. तेव्हा यावर मी बोलणारच.

पाच सागरी मैल हे ‘हेवी’ या जड वजनगटातल्या विमानाच्या मागून येणाऱ्या मध्यम विमानासाठी, हलक्याला सहा लागतात. हे नियम माणसं गमावून आलेत. ३० मे १९७२ रोजी अमेरिकेतल्या फोर्ट वर्थला डीसी-१० या मोठ्या विमानाच्या मागोमाग आलेलं, त्याहून लहान डीसी-९ धावपट्टीवर टेकता टेकता कलंडलं, आतले चौघेही गेले. १५ डिसेंबर १९९३ रोजी तिथल्याच कॅलिफोर्नियातल्या सांता आनाला बोइंग ७५७च्या मागे जेमतेम दोन मैलांवर असलेलं छोटं जेट कोसळलं, पाच जण गेले. ७५७ तेव्हा वजनाच्या हिशेबाने ‘हेवी’त बसतच नव्हतं. शिवाय तो व्हिज्युअल अ‍ॅप्रोच होता, म्हणजे वैमानिक नजरेने पाहून उतरत होता. पुढचं विमान दिसतंय म्हटल्यावर अंतराची जबाबदारी वैमानिकावर जाते. तिथे तुमचे पाच मैल कोण मोजणार होतं?

आणि मैल पुरे भरले म्हणून भोवरा विरलाच असं नाही. तो मिनिटाला तीनशे ते पाचशे फूट खाली जातो, म्हणून त्याच उतारावरून येणारं मागचं विमान बहुतेक वेळा त्याच्या वरून निघून जातं. जमिनीजवळ मात्र त्याला खाली जायला जागाच उरत नाही. तो बाजूला सरकतो, आणि मंद आडवा वारा असला तर दोन पंखांच्या दोन भोवऱ्यांपैकी वारा येतो त्या बाजूचा भोवरा धावपट्टीवरच ठाण मांडतो. विमानाचा वेग आणि उंची नेमकी तेव्हाच सर्वांत कमी असते. पंख अचानक खाली गेल्याचं सांगून गो-अराउंड करणाऱ्या, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणाऱ्या, वैमानिकाचा आवाज मी हेडसेटवर ऐकला आहे. अंतर नियमाइतकं होतं, माझ्याच स्क्रीनवर होतं. अर्धवट माहिती कुणाची, ते तुम्हीच ठरवा.

आधुनिक विमानं, वैमानिकांचं प्रशिक्षण वगैरे तुमच्या बाकी मुद्द्यांत उत्तर द्यावं असं मला काही दिसलं नाही. प्रवाशांनी घाबरावं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं, तर वैमानिकाला दोष देऊ नका, एवढंच लिहिलं होतं, आणि ते पुन्हा लिहीन. मुद्दा घेऊन आलात तर तुमची पुढची प्रतिक्रिया जशीच्या तशी छापेन. नुसते टोमणे असतील तर छापणार नाही.