उभ्या गाडीला दर रविवारची पाच मिनिटे पुरत नाहीत

साताऱ्यात शाहूपुरी, गोडोली या भागांत मुले पुण्या-मुंबईला आणि आई-वडील इथे, अशी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या अंगणात कव्हरखाली महिनोन्महिने न हललेली गाडी असते. दर रविवारी तिचे इंजिन पाच मिनिटे चालू ठेवले की काळजी घेतली, असे सर्वजण समजतात. माझ्या मते ही सवय गाडीच्या हिताची नाही.

माझे वडील वर्षभर हे नेमाने करत होते, तरीही भर पावसात आईला दवाखान्यात न्यायच्या वेळी गाडी चालू झाली नाही. कारण साधे आहे. घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक यांसाठी बंद गाडीही बॅटरीतून ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज ओढते. आठवड्यात ती आठ अँपिअर-तासांच्या वर जाते आणि जागच्या जागी पाच मिनिटांत भरून येत नाही. शिवाय इंजिन पुरते तापत नसल्याने ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी धरते, ते वेगळेच.

त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा गाडी कोरेगावपर्यंत नेऊन आणावी. तेही जमणार नसेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक लायनर चाकातल्या ड्रमला चिकटतात, म्हणून सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावणे बरे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते ओलावा ओढून घेते, त्यामुळे टाकी अर्धी रिकामी ठेवू नये.

बऱ्याच महिन्यांनी गाडी काढताना लगेच सेल्फ मारू नये. आधी बॉनेट उघडून उंदरांनी घर केले आहे का, वायरी कुरतडल्या आहेत का, हे पाहावे. मग ऑइल, कूलंट आणि टायरमधील हवा. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते; १२च्या खाली असेल तर ती काढून चार्जिंगला द्यावी. जंप स्टार्टच, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी चालू, करायचा झाल्यास काळ्या वायरचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न जोडता, तिच्यापासून दूर, त्याच बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला जोडावे. गाडी निघाली की ब्रेक आधी गल्लीतच सावकाश दाबून पाहावेत. डिस्कवरचा हलका गंज थोड्या अंतरात घासून जातो, पण पेडल खाली जात असेल तर गाडी तिथेच उभी करावी.

शाहूपुरीत ज्यांच्याकडे गाडी चालवणारे कोणी नाही, त्यांनी मला निःसंकोच सांगावे. रविवारी सकाळी मी येईन.